परातीपाशी बसलेली लेडी

लेडी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो टोमणा म्हणून. लग्न होऊन या घरात आले तेव्हाची गोष्ट. चुलीपाशी बसलेल्या बाईनं गडी माणसांच्या, म्हणजे घरच्या पुरुषांच्या, आधी दोन घास खाल्ले की सासरे ओसरीवरनं ओरडायचे, "काय गं, लई लेडी झालीस व्हय?" सासरे गेले, टोमणा मात्र घरातच राहिला. माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांना मी आक्का म्हणते, त्यांनी तर तो मनाला लावून घेतलेला. परातीतलं पीठ संपल्याशिवाय उठायचं न्हाय आणि गडी जेवल्याशिवाय खायचं न्हाय, असा त्यांचा नेम. साखरेचा आजार झाला, पोटात सुई टोचून घ्यायची पाळी आली, तरी नेम तसाच.

मी काही शाळेत गेले नाही. एस.टी.च्या पाट्या आणि खताच्या पोत्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले. इंग्रजीचं वेड लागलं ते सून आल्यावर. ती नळदुर्गला शाळेत इंग्रजी शिकवते, आणि मी घरी तिचं डोकं खाते. या शब्दाचं काय, त्या शब्दाचं काय.

गेल्या चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघी भरताची वांगी निवडत होतो. मी सहज विचारलं, "लेडी म्हंजे नेमकं काय गं?"

सून हसली. मला ती आत्या म्हणते. "आत्या, लेडी म्हणजे मुळात पीठ मळणारी."

"गप. म्हातारीची थट्टा करतीस."

"खरंच. त्यांच्या फार जुन्या भाषेत पावाला एक शब्द होता, आणि मळणारीला एक. दोन्ही जोडले, बोलून बोलून झिजले, आणि लेडी झालं. लॉर्ड म्हणजे भाकर राखणारा. आणि घरच्या नोकराला म्हणायचे भाकर खाणारा."

माझ्या हातातलं वांगं हातातच राहिलं. आजवर माझी लेडी म्हणजे टोपीवाली, हातमोजेवाली, चुलीच्या धुराला नाक मुरडणारी. आणि ती मुळात परातीपाशी बसलेली! मग सासऱ्यांनी आयुष्यभर आम्हाला कशावरनं टोचलं?

"मग आपल्या घरचे गडी कोण गं? राखणारे का नुसते खाणारे?" मी म्हणाले आणि आम्ही दोघी खो खो हसायला लागलो.

आतनं आक्का आल्या. त्यांना सगळं सांगितलं. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "इंग्रजांच्या बायकांनी पीठ मळलं असतं तर ते मेले इतक्या लांब आले असते का खायला? किडकी वांगी बाजूला काढा आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गडी माणसं अणदूरला खंडोबाच्या दर्शनाला गेली. ती आली की तळी उचलायची, देवाला नैवेद्य दाखवायचा, मग त्यांची पंगत, मग आम्हा बायांची. शेजारच्या दोघी-तिघी मदतीला आलेल्या. आक्का परातीपाशी, मी तव्यापाशी. बाजरीचे रोडगे, म्हणजे जाडजूड भाकरीच त्या, चालले होते. भाऊजींचा, म्हणजे आक्कांच्या मालकांचा, फोन आला, "निघालो, पोचतोच." आता जेवण होणारच म्हणून आक्कांनी सुई टोचून घेतली.

"आक्का, सुई झाली ना? मग दोन घास खाऊन घ्या," मी म्हणाले.

"नैवेद्य व्हायचाय अजून. आणि मी काय लेडी हाय व्हय?" स्वतःच हसल्या. "तुझ्या सुनेची लेडी न्हाय, सासऱ्यांची लेडी."

हायवेवर ट्रकांची रांग लागलेली. तास उलटला तरी गडी काही येईनात.

मी तव्याकडं बघत पुढच्या रोडग्यासाठी हात मागं केला. हातात काही आलं नाही. वळून बघते तर आक्का रिकामी परात मळत होत्या. चिमूटभर पीठ नाही, पाणी नाही. तळवा नुसता पितळेवर घासत होता आणि बांगड्या वाजत होत्या. त्या थंडीत कपाळावरनं घाम गळत होता. सगळं अंग थरथरत होतं, ओठ काहीतरी पुटपुटत होते.

"अगं बया, अंगात आलं! देव आला!" शेजारीण ओरडली.

कुणी धावत भंडारा आणून आक्कांच्या कपाळाला फासला. कुणी पाया पडली. एकीनं तर पदर पसरून विचारलंच, "देवा, माझ्या लेकाचं लगीन कव्हा जमंल?" माझेही हात जोडले गेले. आजचा दिवसच तसा, वाटलं आला असंल देव.

तेवढ्यात फळीवर ती सुई दिसली. 

"अगं, सुई टोचलीय त्यांना! पोटात सकाळपास्नं काय न्हाय! साखर उतरलीय!" मी किंचाळले. गोड म्हणून समोर काय होतं? नैवेद्याच्या ताटातला गुळाचा खडा. तो उचलला तर शेजारणीनं माझं मनगट धरलं.

"देवाचं हाय ते! अजून दाखवलं न्हाय!"

"सोड!" मी हात हिसकला आणि गूळ फोडून आक्कांच्या तोंडात घातला. "चघळा आक्का, चघळा." सून साखरेचं पाणी घेऊन आली. एकेक घोट घशाखाली उतरत होता आणि खाली तो हात परात मळतच होता. हळूहळू मंद झाला. थांबला. आक्कांनी माझ्याकडं बघितलं. "धाकटे, पीठ संपलं का गं?"

मी परात त्यांच्यापुढनं ओढून घेतली. 

गडी आले तेव्हा आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, तोंड भंडाऱ्यानं पिवळं. भाऊजींनी ताट बघितलं. "नैवेद्याचा गूळ कुठाय?"

"आक्कांना दिला," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. भाऊजी दारातच खाली बसले. कपाळावर देवाचा भंडारा, हात मांडीवर.  मग उठले, स्वतः दुरडीतला रोडगा काढला, त्यावर भरीत घातलं आणि आक्कांपुढं धरलं.

"खा."

"आन् तळी?"

"उचलतो की. तू खा आधी."

आक्कांनी रोडगा घेतला. ओसरीवरच्या गड्यांकडं एकदा बघितलं, आणि मग सगळ्यांकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून खायला लागल्या. चोरून खावं तशा, भराभरा, पदराच्या आडोशानं.

 मी जाऊन त्यांच्या आणि भिंतीच्या मधे बसले, आणि त्यांच्याच रोडग्याचा तुकडा मोडून तोंडात घातला. ओसरीवर गडी तसेच उपाशी उभे होते.