वाळूतलं हरीण

मिशिगनच्या रेताड रानात ऑर्व्हिलने एक पांढऱ्या शेपटीचा नर पाच वर्षं जगू दिला. शिंगं भरतील, मग मारू! यंदा मारला आणि शिकार सगळ्यांना दाखवायला गावच्या खांबावर टांगला. शिंगं बोटाएवढी बारीक! त्यात आयोवाहून मेव्हण्याने आपल्या हरणाचा फोटो पाठवलेला. शिंगं मनगटाएवढी.

वनखात्याकडून शिकारीच्या मोजणीला आलेल्या डेलने वय कळायला जबडा उघडून दात पाहिले, मग फोटोही पाहिला. "तुझं म्हातारं झालंय रे. मेव्हण्याचं जेमतेम तीन वर्षांचं दिसतंय. पण तिकडे काळी माती, मक्याची शेतं. इथे काय, वाळू!"

"मग पाच वर्षं मी काय झक मारली?" ऑर्व्हिल भडकला.

"हरणावर कशाला डाफरतोस?" बायको आर्डिथ म्हणाली. "साठ वर्षं याच वाळूत राहून पोटाशिवाय तुझं तरी काय वाढलंय?"