आतोबांवरची शिमग्याची गाणी

शिमग्यात ज्याला आपली अब्रू प्यारी असेल त्यानं दार लावून बसावं, असं माझी मोरिवलीची आत्या म्हणायची. होळीच्या आधी चार-पाच संध्याकाळी गावातल्या बाया चौकात गोल धरतात आणि गाण्यातून एकेकाला सोलून काढतात. गाणी रचायची आत्यानं.

‘रस्ता खणला, पाइप पुरला, परत खणला रस्ता,
पाणी येतं थेंब थेंब, नेता खातो पिस्ता!’

हे तिनं नगरसेवक समोर उभा असताना म्हटलं होतं. तो टाळ्या वाजवत होता. करतो काय बिचारा?

पण तिचं ठरलेलं गिऱ्हाईक म्हणजे तिचा नवरा, आमचे आतोबा. कंपनीतून आणलेलं निळं प्लास्टिकचं रिकामं पिंप उलटं घालून तेच तिला ताल द्यायचे, आणि ती त्यांच्याच अब्रूचं खोबरं करायची.

‘कंपनीमध्ये वाघ म्हणे, घरी मांजर भित्रं,
झुरळ बघून खाटेवर चढलं, ध्यान माझं विचित्र!’

आतोबा पिंप आणखी जोरात बडवायचे. बायकोनं केलेली एवढी थट्टा हसत झेलणारा पुरुष मी तरी दुसरा पाहिला नाही. माझ्या बदलापूरच्या घरी मी असली एक ओळ म्हटली असती तर आठवडाभर अबोला झाला असता!

गेल्या दिवाळीच्या आधी आतोबा गेले. कामावरून आले, पाणी मागितलं आणि बसल्या जागी संपले. तेव्हापासून आत्या ‘हो’ आणि ‘नाय’ एवढंच बोलायची. होळी जवळ आली, चौकात गाणी काही सुरू होईनात. पोरांनी डीजे आणला. च्या बैलाला त्या डीजेच्या, खिडक्यांच्या काचा हलत होत्या, पण हसत कुणीच नव्हतं. मला मात्र एकच धास्ती होती, ही बाई आता परत गाणार नाही. आणि न गाणारी आत्या फार दिवस टिकेल असं मला वाटत नव्हतं.

आमच्याकडे रीत आहे. मयताच्या घरचा पहिला सण भावकीतल्या बायकांनी उघडायचा. पोळ्या घेऊन जायचं, कपाळाला रंगाचं बोट लावायचं, थोडं रडायचं, परत यायचं. होळीच्या दुपारी मीही बदलापूरहून आले आणि आम्ही निघालो. पुढे होती तिची शेजारीण, दर शिमग्यात आत्याच्या तोंडून सगळ्यात जास्त उद्धार झालेली. दारात पोचताच तिनं रडायचं सोडून गळा काढला तो गाण्याचा.

‘आत्या बसली कोपऱ्यात, तोंड करून कडू,
ऊठ आता बाहेर ये, आम्ही आणली पोळी!’

मी कपाळावर हात मारला. दुखवट्याच्या दारात हे? शेजारणीनं तीच ओळ परत म्हटली, तीही बेसूर.

“कडूपुढं पोळी कुठनं आली गं भवाने?” आतून आवाज आला. “लाडू लाव की!”

“आम्हाला नाय जमत. जमतंय त्यानं बाहेर यावं.”

आत्या उंबऱ्यात आली. कित्येक महिन्यांनी तिला उजेडात बघत होते, किती वाळली होती! शेजारणीनं तिला रंगाचं बोट लावलं. आत्यानं हळूहळू टाळी धरली.

‘न विचारता पुढं गेला, घाई कसली याला?
टाकीत पाणी कोण भरंल, चहा देऊ कुणाला?’

पहिल्या ओळीला आम्ही हसलो. दुसरीला कुणाला हसता येईना. आत्या मात्र थांबली नाही, पुढच्या कडव्यात तिनं त्यांचं घोरणं काढलं, नंतर त्यांचं टक्कल.

भावकीतल्या एका म्हातारीला ते सोसवेना. ती म्हणाली, “अगं, गेलेल्या माणसाला असं बोलू नये.”

आत्यानं पदरानं तोंड पुसलं. “का? मेला म्हणून काय माझा नवरा राहिला नाय?”

आणि तिनं पुढचं कडवं धरलं.