डिक्कीवरचा पंजा

वणीतल्या डेंटिंगवाल्या काकांनी मला वाचवलं, हे आधी सांगतो. सातवीत शाळा सोडली, पुढे लायसन मिळाल्यावर फुलसावंगीहून इतक्या लांब मालकाची गाडी चालवायला आलो, तेव्हापासून त्यांच्याकडे जातो. गाडीला पोचा पडला की काका डोळे मिटून त्यावर तळहात फिरवतात आणि गाडीलाच विचारतात, "बोल वं माय, कोनं मारलं तुले?" मी हसायचो.

त्या दुपारी कोळशाच्या ट्रकांच्या वजनकाट्यामागे गाडी रिव्हर्स घेताना मागून धप्प आवाज झाला. आरशात फक्त भिंत दिसली. मालक ओरडेल या भीतीनं मी उतरलोच नाही. सरळ काकांकडे गेलो, गाडी भिंतीला लागली म्हणालो आणि ती धुवायला पाइप उचलला.

"धुऊ नको," काका म्हणाले.

डिक्कीवर कोळशाची धूळ बसली होती. पोच्याच्या जरा वर, त्या धुळीत पाच बोटं उमटली होती. काकांनी आपला पंजा त्यावर धरला. उमटलेला हात कितीतरी लहान होता.

"भिंतीले हात असते का बे?" ते हळूच म्हणाले. "चाल."

वजनकाट्यामागे त्याच भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. पाय मोडला होता आणि ओरडून ओरडून तिचा आवाज गेला होता. काकांनी तिला उचलून गाडीत ठेवलं. दवाखान्यात मात्र, "माझ्या गाडीनं लागलं," हे त्यांनी मलाच सांगायला लावलं.

म्हातारी आता काठी घेऊन चालते. मी मागे जाऊन पाहिल्याशिवाय गाडी रिव्हर्स घेत नाही. काकांना हल्ली कमी दिसतं. उद्या मुळीच दिसेनासं झालं, तर ते म्हणतील तिथे मी त्यांना हात धरून नेईन.