मोडलेले खडू

मी हट्टी आहे, हे माझ्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या जूनमध्ये माझ्या वर्गालाही कळलं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. भाईंदर पूर्वेच्या एका मराठी शाळेत मी दुसरीचा वर्ग घेत होते. शाळा उघडली की मुलांचं सामान लावून घेणं हे माझं पहिलं काम. वर्गात एक मुलगी होती, वडील काशीमीऱ्याला गॅरेजमध्ये. चित्रकलेचा तास शुक्रवारी, आणि ही नेमकी शुक्रवारी गैरहजर. विचारलं की म्हणायची, "पोटात दुखत होतं." दप्तरात रंगांची पेटी नव्हती, हेच ते दुखणं. मी घेऊन देऊ शकले असते. पण आदल्या वर्षी एका मुलाला दिली होती, तर "बाईंनी दिलेली पेटी" म्हणून पोरांनी त्याला वर्षभर चिडवून नको नको केलं.

म्हणून घरून श्रीखंडाचे रिकामे डबे आणले आणि सगळ्यांचे मेणाचे खडू त्यांत ओतायला लावले. लाल एका डब्यात, हिरवे दुसऱ्यात. आता कुणाचं काही नाही, सगळं वर्गाचं. मला वाटलं, झालं काम. कसलं काय. त्या शुक्रवारी ती आली, पण डबे पुढच्या बाकांवरून मागे जाईपर्यंत लांब, नवे खडू उचलले गेले होते. तिच्यापुढे उरले नखाएवढे तुकडे. पुढच्या शुक्रवारी तिचं पोट पुन्हा दुखलं.

मला भयंकर राग आला. सोमवारी डबे टेबलावर घेतले आणि एकेक नवा खडू कागद सोलून मोडायला सुरुवात केली. एकाने हळूच विचारलं, "बाई, तुम्ही चिडलाय?"

"हो, पण तुमच्यावर नाही. या, मोडू लागा."

मोडायची परवानगी मिळाल्यावर दुसरीतली पोरं मागे राहतात होय? तासाभरात एकही खडू नवा उरला नाही.

दुसऱ्या दिवशी जेसल पार्कमधल्या एका मुलाची आई दारात उभी. "बाई, माझ्या भावाने दुबईहून पाठवलेले कलर होते ते. तोडून टाकले म्हणे? मुलांना हेच शिकवताय का?"

तिचंही चुकत नव्हतं. माझ्या लेकीची पेटी कुणी मोडली असती तर मीही भांडायला गेले असते. तरी म्हटलं, "तोडले. पुढच्या वर्षी आणलेत तर तेही तोडीन." ती तडक मुख्याध्यापकांकडे गेली. त्यांनी मला बोलावून चांगलंच सुनावलं. मी ऐकून घेतलं, आणि डबे होते तिथेच ठेवले.

शुक्रवारी हजेरी घेतली. त्या मुलीचं नाव घेतलं. मागच्या बाकावरून "हजर" आलं.

निळ्या खडूंचा डबा तिच्यापर्यंत पोचला, तशी ती त्यात हात घालून शोधत बसली. शेजारणीने डबा ओढला. "दे ना लवकर."

"थांब," ती म्हणाली, "मला आकाशाचा हवाय."

शेजारीण थांबली. मी फळ्याकडे तोंड फिरवलं. मला रडू येत होतं, आणि ते वर्गाने बघितलेलं मला चालणार नव्हतं.