आज मले विचारू नोको

भंडारा जिल्ह्यातल्या मित्रांनो, घरी भाताचं एक शीत जास्त शिजलं तरी ताट बाजूला सारणाऱ्या आणि हॉटेलात मात्र 'जीरा राईस' म्हणून समोर येईल ते मुकाट खाणाऱ्या माझ्या माणसांनो... आपलं एक दुखणं सारखंच आहे. धान आपलं, मिल आपल्या, आणि आपल्याच गावातल्या मेन्यू कार्डावर आपल्या तांदळाचं नाव नाही.

मीही त्यातलाच. सभेत धानावर तास-तास बोलतो, आणि सभा संपली की पनीर आणि बासमती मागवतो. हे आधी कबूल करतो, मग पुढचं सांगतो.

परवा तुमसरला होतो. दीड वाजता भाषण होतं, म्हणून अकरालाच धान्यबाजारामागच्या कौशल्याबाईंच्या खानावळीत जाऊन बसलो. पाटी नाही, मेन्यू कार्ड नाही. भात, वरण, वांग्याची भाजी आणि बुधवारी तलावातल्या मासोळीचा रस्सा. तरी बाकावर जागा मिळायला नशीब लागतं.

तिथे एक रीत आहे. पहिलं ताट दमाजीमामांचं. मामांनी अख्खी हयात राईस मिलमध्ये हमाली केली, आता पाठ वाकली आहे. पण दाताखाली शीत धरलं की तांदूळ कोणता, किती जुना, सगळं सांगतात. मामांनी मान हलवली की मगच बाकीच्यांची ताटं... मिलचे कामगार असोत की अडते, कोणी कुरकुर करत नाही.

परवा बुधवारच होता, आणि बाहेर एक बस उभी होती. प्रशिक्षणाला आलेले बाहेरगावचे चाळीसेक शिक्षक. त्यांच्यासोबतच्या साहेबांनी बाईंना आधीच सांगितलं होतं, आजचं जेवण पसंत पडलं तर महिनाभराचं जेवण तुमच्याकडे. बाईंनी त्यासाठी दोन जास्तीच्या बायका कामाला लावल्या होत्या. पातळही नवं नेसल्या होत्या.

मामांचं ताट आलं. त्यांनी एक घास घेतला... आणि थांबले. एकदा दारातल्या साहेबांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. 

"काय गा मामा, घास अडकला काय?" शेजारच्या बाकावरचा एक मिल कामगार म्हणाला. "का आज मास्तर लोकाईले पाहून लाजून राहिले?"

कोणी हसलं. मामा हसले नाहीत.

"बाई," ते हळूच म्हणाले, "आज मले विचारू नोको."

बस्स, एवढंच. भात बिघडला असं म्हणाले नाहीत, कारण त्या भातावर बाईंचं काय टांगलंय ते त्यांना ठाऊक होतं. चांगला आहे असंही म्हणाले नाहीत.

बाईंनी गंजातलं, म्हणजे भाताच्या पातेल्यातलं, एक शीत उचललं, बोटांत चेपलं. "जुना कमी पडला मामा," त्या म्हणाल्या. "दोन पायल्या नवा टाकला. वाटलं, चालून जाईन."

आपल्याकडे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, जुन्याला जास्त. एकाच गंजात दोन्ही घातले की नव्याचा गिचका होतो आणि जुना कडक राहतो. घाईत झालेली चूक. पण रस्सा घातल्यावर त्या चाळीस जणांपैकी कोणाला कळलं असतं?

साहेब नेमकं तेच म्हणाले. "वाढा हो बाई, कोणाला समजतंय? आमच्याकडे अर्धा तास आहे."

"अर्ध्या तासात दुसरा होते साहेब. घरी खायले ठेवलेला जुना चिन्नोर तांदूळ हाये. बसा."

बाईंनी गंज चुलीवरून खाली उतरवला. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

आता माझ्यातला वक्ता जागा झाला. मी उठलो, साहेबांच्या दिशेने दोन पावलं टाकली, घसाही साफ केला. चांगलं दहा मिनिटांचं भाषण तयार होतं...

"भाऊ, तुमी बसा," बाई तांदूळ धुताधुता म्हणाल्या. "बोलून भात मोकळा होत नाई."

मी बसलो. आयुष्यात मला इतक्या कमी शब्दांत कोणी गप्प केलं नव्हतं.

बस पाच मिनिटांत निघून गेली. हायवेवर ढाबे पुष्कळ आहेत. आत मात्र एकही माणूस उठला नाही. मिलमधले कामगार, ज्यांची जेवणाची सुट्टी मोजून असते, ते बाकावर बसून होते. मग चिन्नोरचा वास सुटला... आणि बाकावरची माणसं आपोआप चुलीकडे वळून बसली.

मामांनी नव्या ताटातला घास घेतला. "वाढ," म्हणाले.

तो भात मी कसा खाल्ला ते लिहीत नाही. फक्त एवढंच, रस्सा संपल्यावर मी नुसताच भात पुन्हा मागून घेतला.

हात धुताना बाईंना विचारलं, वाईट नाही वाटलं?

"वाटलं ना भाऊ. काहून नाई वाटनार?" त्या पदराने कपाळ पुसत म्हणाल्या. "पन त्या लोकाईनं पयल्यांदाच तुमसरचा भात खाल्ला असता. तो असा गिचका लागला असता, तं नाव कोनाचं गेलं असतं? माह्या एकटीचं?"

मी दीड वाजता भाषण केलं. टाळ्या पडल्या. पण त्या दिवशी तुमसरात आपल्या धानाच्या बाजूने जे सगळ्यात खरं बोललं गेलं, ते माझ्या माईकवरून नव्हतं.

म्हणून एकच मागणं. यापुढे जिल्ह्यातल्या कुठल्याही हॉटेलात बसलात की पहिला घास घेण्याआधी विचारा, हा तांदूळ कोणता, आणि जुना की नवा? मी कालपासून विचारतोय. दोन ठिकाणी वेटरने मेन्यू कार्डच पुढे केलं. तिसऱ्या ठिकाणी आचारी हात पुसत बाहेर आला आणि उत्तर देण्याआधी त्याने एक शीत बोटांत चेपून पाहिलं.

विचारा.