प्रत्यंचेचा आवाज आणि जखमी हरीण

मंडळी, अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावाजवळच्या जंगलातून शिकारीहून आत्ताच घरी पोहोचलो आहे आणि फार थकलो आहे.

सोबत माझा नागपूरचा मित्र सुनील होता. पारंपरिक धनुष्यातून फार हलका बाण सोडला, तर उरलेली ऊर्जा धनुष्यातच थरथरत राहते आणि मोठा आवाज होतो, हे कंपनशास्त्राचा संशोधक म्हणून मी त्याला अनेकदा समजावलं होतं. जड बाण वापर, प्रत्यंचेवर लोकरीचे गोंडे बांध, असंही सुचवलं होतं.

"यार, हरणाला कुठे तुझी पीएचडी कळते?" असं म्हणत आज त्याने हलकाच बाण लावला.

प्रत्यंचा टणकन वाजली. हरीण दचकून खाली दबलं आणि बाण छातीऐवजी पाठीत लागला. रक्ताचा माग आम्ही ओढ्यापर्यंत काढला. पुढे काहीच सापडलं नाही.

परतताना गाडीत सुनील म्हणाला, "'मी तुला सांगितलं होतं', असं एकदाचं बोलून टाक ना."

माझं शास्त्र बरोबर ठरलं, पण ते हरीण अजून कुठेतरी तडफडत असेल.

तुम्ही अशा मित्राला जंगलात शिरण्याआधी पार्किंगमधूनच परत पाठवलं असतं का? पुढच्या वेळी मी पाठवणार आहे, मैत्री तुटली तरी.