अर्धं शटर

महागावच्या बाजारात एका दुपारी कुजबुज उठली, की मोटार वाइंडिंगवाला उत्तमसिंग गेला. गेला म्हणजे पार वर गेला. कुणी म्हणालं झटक्यानं, कुणी म्हणालं करंट लागून. एकानं तर त्याचे शेवटचे शब्दही सांगितले, जणू हा उशाशीच बसला होता.

आता उत्तमसिंग हा असा गडी, की शेतातली पाण्याची मोटार जळली तर आधी त्याचं नाव तोंडी यावं, देवाचं मागून. तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता पन्नाशी आली. उजाडायच्या आत दुकानात, परत यायचा ते अंधार पडल्यावर. गिऱ्हाइकं तर जेवणाच्या ताटापाशीही मोटार आणून ठेवत.

घरात बोलणं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत. पण टोमणा मारायचा झाला की बायको संगीता मराठीवर येई, शेजारपाजाऱ्यांनाही पोचावा म्हणून. "तुमचं तोंड मी बल्बातच पाह्यलं बाप्पा! उन्हात कसं दिसते, मले मालूमच नाही."

शेजारीण फिसकन हसली. पण टोमणा लागला तो आतवर. संध्याकाळचं ऊन आपल्या अंगणात कुठवर येतं, हे गड्याला खरंच ठाऊक नव्हतं. त्यानं ठरवलं, चारला दुकान बंद. मोटारी कमी झाल्या तर होऊ देत.

पण शटर पुरतं ओढायची हिंमत होईना. गिऱ्हाईक भडकलं तर? म्हणून त्यानं ते अर्धंच ओढलं. लोकांना वाटावं, चहाला गेला असेल. आणि मागच्या गल्लीनं सटकला.

इथंच घोळ झाला. अर्धं शटर बाजारात कुणी चहासाठी ओढत नाही. घरात कुणी वारलं की ओढतात.

अंगणात बाज टाकून दोघं बसली होती. संगीतानं चहा दिला, नवऱ्याचं तोंड उन्हात नीट न्याहाळलं, काहीतरी बोलणार, तोच फाटकातून पांढऱ्या टोप्या आत शिरल्या. पुढे हरभरावाले किसनराव, हातात झेंडूचा हार. बाहेर त्यांच्या गाडीला जळालेली मोटार बांधलेली. मयत आटोपून दुसऱ्या मिस्त्रीकडे टाकायचा बेत होता.

"अबे! तू तं जिता हायेस!"

"हो ना भाऊ," उत्तमसिंग ओशाळून म्हणाला.

"मंग दुकान काहून सुतकात ठेवलं बे? आम्ही तिरडीचे बांबू सांगून आलो ना!"

"आता रोज चारलेच बंद करून राह्यलो."

"बिमार हायेस का?"

"नाही."

"मंग घरी करतेस काय?"

'बसतो' म्हणायची त्याला लाज वाटली.

किसनरावांनी हार बाजेवर ठेवला. "जिता हायेसच, तं हे मोटार पाहून घे. हरभरा सुकून राह्यला." मग टोप्यांपैकी आणखी दोघातिघांना आपापली मोटार आठवली.

संगीता कपबशा उचलून आत गेली. जाता जाता मराठीतच म्हणाली, "बल्ब लावू का?"

तेव्हापासून शटर पुरतं वर असतं, दिवेलागणीनंतरही. कधी चारच्या सुमाराला हात त्याकडे गेलाच, तर समोरचा चहावाला ओरडतो, "कोण गेलं हो, उत्तमभाऊ?" हात खाली येतो.

उत्तमसिंग त्या दिवशी मेला नव्हता. तो चार वाजता घरी गेला होता.